डाव्या पायावर

“बाकावर बसली तर काय बिघडतं, एवढंच विचारतोय मी,” नवरा म्हणाला. त्याने कात्री टेबलावर आपटली नाही, नुसती ठेवली. पण अशी ठेवली की आपटलेली परवडली. “चौदा जणी न्यायच्या. खेळतात पाच. बाकीच्या नऊ टाळ्या वाजवतात. त्यात एक आपली मुलगी.”

“टाळ्या वाजवायला मी कुणाला नेत नाही.”

“मग आजवर काय करत होत्या त्या?”

“दर दोन-तीन मिनिटांनी आत-बाहेर करत होत्या. एवढी वर्षं सामने बघायला येताय, एवढं तरी दिसायला हवं होतं तुम्हाला.”

“मला काय दिसणार? मी मान खाली घालून नंबर शिवणारा माणूस.”

“वहिनी,” स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज आला, “कुकर मी बंद केलाय. आता तुम्ही दोघंही जरा आच कमी करा. वरच्या मजल्यावर ऐकू जातंय.”

“जाऊ दे की,” नवरा म्हणाला. “त्यांनाही कळू दे, या घरात आई राहते की बाई.”

ते बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच जड झालं असावं. त्याने कात्री उचलली आणि आतल्या खोलीच्या दाराशी, शिलाईच्या यंत्रासमोर जाऊन बसला. यंत्र मात्र सुरू झालं नाही.

ती टेबलापाशीच उभी राहिली. टेबलावरच्या मेणकापडावर दहा बटणं खेळाडूंच्या जागी मांडलेली होती. पाच पांढरी, शर्टाची. पाच काळी, कोटाची. नवऱ्याच्या डब्यातली. पांढऱ्यांपैकी एकाचा कडेचा टवका उडालेला होता. ते मुलीचं. शेजारी एक कागद, त्यावर तेरा नावं आणि चौदा या आकड्यापुढे कोरी जागा. परदेशातल्या स्पर्धेची ही यादी संध्याकाळी सहापर्यंत क्लबच्या कार्यालयात पोचायची होती. आत्ता दीड वाजला होता.

घरात तिला तीन नावं होती, अगं, वहिनी आणि आई. घराबाहेर एकच. बाई. हॉलचा रखवालदार, क्लबचे चिटणीस, समोरच्या संघाचे प्रशिक्षक, सगळे तिला बाईच म्हणत. तिची स्वतःची मुलगीसुद्धा हॉलचा उंबरा ओलांडला की बाई आणि अहो-जाहो करायची. तो नियम मुलीनेच केला होता, चौदा वर्षांची असताना, पहिल्या दिवशी. “बाकीच्या बाई म्हणतात, तर मीही बाईच म्हणणार,” असं म्हणाली होती. बाईला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

बाई फुटसाल शिकवायची. फुटबॉलचाच हा छपराखालचा धाकटा भाऊ. पाच जणी, लाकडी जमीन, आणि हातात घेतला की वजनाने चकवणारा, उसळायला कुरकुरणारा चेंडू. जागा इतकी कमी की चेंडू पायाशी आला की दुसऱ्या श्वासाला समोरची अंगावर येते. बाईचे वडील अशाच एका हॉलचे झाडलोट करणारे होते. संध्याकाळचे खेळाडू गेले की ते पुसायचे आणि ही सात-आठ वर्षांची पोर त्या ओल्या जमिनीवर विसरून राहिलेला चेंडू भिंतीवर मारायची. ओल्यावरून चेंडू वेगाने परत यायचा. तो पायाच्या आतल्या कडेने अडवला तर निसटायचा, म्हणून ती त्यावर तळवा ठेवायला शिकली. पुढे मोठमोठी पुस्तकं वाचणाऱ्या प्रशिक्षकांनी तेच सांगितलं तेव्हा ती मनात म्हणाली, हे तर मला पोछ्याने शिकवलं.

बावीस वर्षं ती शिकवत होती. तिच्याकडे पोरी यायच्या त्या नवशिक्या नव्हेत. मोठ्या क्लबांत नाव काढलेल्या, वर्तमानपत्रात फोटो आलेल्या. पहिला महिना ती त्यांना गोलावर चेंडू मारूच द्यायची नाही. तिची एक रीत होती. खेळाडूकडे पास निघाला की बाई तिच्या पाठीमागे जाऊन रंगीत बिनबाह्यांचा सदरा उंच धरायची. लाल, पिवळा, निळा, जो हाताला येईल तो. चेंडू पायाशी पोचायच्या आत खेळाडूने मान वळवून बघायचं आणि रंग मोठ्याने सांगायचा. चेंडू आल्यावर सांगितला तर तो धरायचा नाही. “चेंडू कुठं पळून जात नाही,” ती म्हणायची, “तो तुमच्याकडेच येतोय. तुम्ही बाकीचं घर बघा.” ते सदरे नवरा उरलेल्या तुकड्यांतून शिवायचा आणि दर शनिवारी ते गच्चीत वाळत पडायचे. शेजारीण विचारायची, एवढी कुणाची पोरं हो तुमच्याकडे.

त्या शिकवणीत सगळ्यात पहिला रंग यायचा तो तिच्या मुलीचा. कधी कधी सदरा पुरता वर जायच्या आत. मुलगी संघात शेवटची, म्हणजे गोलकीपरच्या पुढची, सगळा खेळ जिच्यापासून उठतो ती. सहा वर्षं ती जागा तिची होती.

दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात तिचा उजवा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, सात महिने गेले. डॉक्टर म्हणाले, आतलं काम चोख झालंय, आता पायावर भरवसा ठेवायचा आणि त्याला राबवायचं. नाहीतर तो बसून खाईल.

घरात कुणी काही ठरवलं नाही. तरीही न्हाणीघरातलं बुटकं स्टूल गेलं आणि उंच आलं. मुलीची गादी आतल्या खोलीतून, दोन पायऱ्या उतराव्या लागायच्या तिथून, पुढच्या खोलीत आली. नणंदेने चपलांचं खालचं कपाट हलवून कमरेच्या उंचीवर ठेवलं आणि म्हणाली, माझीच कंबर दुखते हो. नवऱ्याने बाजारहाट स्वतःकडे घेतला. मुलगी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी टाकायची आणि डावा त्याच्या शेजारी आणून ठेवायची, आणि घरातल्या तिघांना त्याच वेळी दुसरीकडे कुठेतरी बघायचं काम निघायचं.

आणि मुलगी खेळायला परतली त्याच वसंतात बाईने संघाला नवा फेर शिकवला.

तो फेर खूप गाजला. चौघी जणी एकमेकींच्या जागा अशा बदलत जायच्या की समोरच्यांना कुणाला धरावं हे कळेना. वेताच्या छडीसारखी बारीक म्हणून जिला सगळ्या काडी म्हणायच्या, ती डाव्या बाजूने लांब वळसा घालायची, दोघींना आपल्या मागे ओढून न्यायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून चेंडू शेवटच्या खेळाडूकडे यायचा, नेमका डाव्या पायावर. दुसऱ्या क्लबांचे प्रशिक्षक वह्या घेऊन येऊन बसायचे. संघाने लीग जिंकली. त्या जिंकण्यावरच आता परदेशी क्लबांच्या स्पर्धेला जायचं होतं. एकदा काडी धापा टाकत म्हणाली होती, “बाई, हा वळसा उजवीकडून घातला तर निम्मं पळावं लागेल.” बाई म्हणाली, “मग समोरच्यांना निम्मंच फसवता येईल.” सगळ्या हसल्या. काडीही हसली.

गेल्या रविवारी कपचा उपांत्य सामना होता. समोरच्या संघाला नवा प्रशिक्षक आला होता, कोवळा, चष्मेवाला, वही न आणणारा. त्याने काही विशेष केलं नाही. आपली एक खेळाडू मुलीच्या डाव्या अंगाला उभी केली आणि तिला काहीही झालं तरी तिथून हलायचं नाही असं सांगितलं. बस. चेंडू उजव्या बाजूला यायला लागला. मुलगी प्रत्येक वेळी अख्खी वळायची, डावा पाय पुढे आणायची, आणि तेवढ्या वेळात चेंडू गेलेला असायचा. पंधरा मिनिटांत तीन गोल. बाईने वेळ मागून घेतला. एक मिनिट मिळतं. पोरी भोवती जमल्या, पाण्याच्या बाटल्या फिरल्या आणि काडी तोंड पुसत, अगदी साधेपणाने म्हणाली, “बाई, ती उजव्यावर घेत नाही हे त्यांना कळलंय.”

कुणी चमकून बघितलं नाही. गोलकीपर बुटाची नाडी बांधत राहिली. सगळ्यात धाकटी, सहाच महिन्यांपूर्वी आलेली, जिला अजून सगळ्या नवी म्हणत, तिने बाटलीचं झाकण लावलं. बाईला तेव्हा कळलं की हे पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दीड वर्ष या पोरी तिच्या मुलीचा गुडघा उचलून पळत होत्या, आणि त्या तिला सांभाळून घेत होत्या. तिला, बाईला. मुलगी जमिनीकडे बघत होती. शिटी झाली.

आठवडाभर तिने त्या सामन्याचं चित्रण बघितलं. आज सकाळपासून बटणं मांडून ती शेवटचं मोजत होती. टवका उडालेल्या बटणाकडे एकतीसदा चेंडू आला. उजव्या तळव्याने दोनदा थांबला. मग तिने मागचे सामने काढले, जिंकलेले. तिथे तर उजव्याचा प्रश्नच आला नव्हता. तिने येऊच दिला नव्हता. तिने डावपेच म्हणून जे आखलं, ते दुसरं तिसरं काही नव्हतं, न्हाणीघरातलं उंच स्टूल होतं.

“वहिनी, जेवून घ्या,” नणंद पदराला हात पुसत बाहेर आली. तिने बटणांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. “माझं ऐकाल? दादा बोलतो ते सोडा. तो बाप आहे, त्याला तेवढंच येतं. पण पोरगी सव्वीसची झालीय. पुन्हा ही संधी नाही तिला. नुसता अंगावर तो सदरा चढला तरी तिचं भरून पावेल.”

“वन्सं, तुमच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाला तुम्ही कधी मागे ढकललंय? ओळखीच्यासाठी?”

नणंद एका दातांच्या डॉक्टरकडे सोळा वर्षं नंबर लावून द्यायचं काम करत होती.

“ढकललंय,” ती म्हणाली. “दोनदा. एकदा तुमच्या दाढेसाठी.”

बाईला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

चार वाजता ती हॉलवर गेली. मुलगी आधीच तिथे होती. रविवारी हॉल रिकामा असायचा. अर्धेच दिवे लावलेले, जमिनीला पॉलिशचा आणि जुन्या घामाचा वास, कोपऱ्यात घडी केलेल्या खुर्च्या. मुलगी भिंतीवर चेंडू मारत होती. डाव्याने मार, डाव्याने थांबव.

“उजव्यावर दहा देते,” बाई म्हणाली. “घे.”

“बाई म्हणून सांगताय की आई म्हणून?”

“तुला कुणाचं ऐकायचंय?”

मुलगी खांदे सैल करून उभी राहिली.

बाईने पहिला पास दिला, सरळ, उजव्या बुटाकडे. मुलगी वळली, डाव्याने थांबवला. दुसरा. डाव्याने. तिसरा बाईने आणखी बाहेर दिला. मुलीने दोन लहान पावलं टाकली आणि पुन्हा डावा पुढे आणला. इतकं सुबक की परक्याला वाटलं असतं, हेच बरोबर. चौथा, पाचवा. सहाव्याला तिने उजवा उचलला आणि हवेतच मागे घेतला. चेंडू भिंतीवर आपटून एकटाच परत आला.

“खेळाच्या चड्डीत उभी आहेस, आज बघूनच घेते,” बाई म्हणाली आणि जवळ जाऊन गुडघ्यावर बसली. तिने दोन्ही हातांनी मुलीच्या मांड्या धरल्या, कापड निवडावं तशा. उजवी डावीपेक्षा दोन बोटं बारीक होती. लहानपणी आंघोळ घालताना ज्या मांड्या एकसारख्या होत्या त्या.

“कधीपासून?”

“तुला माहीत नव्हतं?” मुलगी म्हणाली. हॉलमध्ये ती पहिल्यांदाच तू म्हणाली. “मला वाटलं, तू मुद्दाम करतेयस. तो फेर. मला वाटलं, तू मला सांगतेयस की राहू दे, वापरू नकोस, मी बघते. मग मी वापरला नाही.”

बाईचे गुडघे लाकडावर दुखायला लागले होते. ती उठली.

“चार राहिलेत,” ती म्हणाली.

सातवा डाव्याने. आठवा डाव्याने. नवव्याला मुलीने ओठ मिटले, उजवा पाय पुढे टाकला आणि तळवा चेंडूवर ठेवला. चेंडू थांबला. ती पुढच्या क्षणी त्या पायावर वळायला गेली आणि पाय आत मुडपला. ती पडली नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

“पुन्हा,” ती म्हणाली. “दहावा राहिलाय.”

बाईने चेंडू आपल्या तळव्याखाली घेतला आणि तिथेच दाबून धरला.

“दे ना.”

“नाही.”

“आई, मला आत उतरवू नकोस. एक मिनिटही नको. नुसतं ने. चौदावी म्हणून. मी पाणी भरीन, सदरे धुईन, समोरच्यांचं सगळं लिहून देईन तुला. मला खेळ दिसतो, तूच म्हणतेस. बाकावर बसायला गुडघा लागत नाही.”

“बाकावरून कुणाला तरी आत जावं लागतं.”

“तेराजणी आहेत.”

“तू दुखावलीस तेव्हाही तेराजणी होत्या. त्या दिवशी शेवटची जागा सांभाळायला एकही नव्हती. सात महिने आपण हरत होतो.”

मुलगी भिंतीला पाठ लावून खाली बसली. डाव्या पायावर भार टाकून, उजवा सरळ पुढे सोडून. त्या बसण्यातही सफाई आली होती. तिथूनच तिने विचारलं, “नवी उजव्यावर घेते?”

“दोन्हीवर घेते. रंग उशिरा सांगते.”

“शिकेल,” मुलगी म्हणाली. मग डोळ्यांवर बाही ओढून घेतली, आणि बाईने खुर्च्यांच्या ढिगाकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. तिला आपला हात मुलीच्या डोक्यावर ठेवायचा होता. हॉलमध्ये तिने तो कधीच ठेवला नव्हता, आणि आता तो कसा ठेवतात ते आठवेना.

“आई,” मुलगी बाहीआडून म्हणाली, “मी परत आले त्या दिवशीच तू मला काढलं असतंस ना, तर मी रडले असते आणि महिन्याभराने तुझ्याशी भांडून पाय राबवला असता.”

“हो.”

“मग का नाही काढलंस?”

याला बाईकडे उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की बोलायची लाज वाटली. तिने चेंडू उचलून जाळीत टाकला आणि दिवे बंद केले. दोघी बाहेर आल्या. हॉलच्या पायऱ्या सात. मुलगी उजवा टाकत होती, डावा शेजारी आणत होती. या वेळी बाई दुसरीकडे कुठे बघत बसली नाही. सातही पायऱ्या तिने बघितल्या.

मुलगी म्हणाली, तू पुढे जा, मी चालत येते. बाई कार्यालयात गेली. चिटणीस रविवारी मुद्दाम येऊन बसले होते. कपात गार झालेला चहा आणि समोर उघडा संगणक. त्यांनी चौदावं नाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

“बाई, अजून वीस मिनिटं आहेत सहाला.”

“पाठवा.”

“घरी विचारलंत?”

“घरच्यांनीच सांगितलंय सगळं. पाठवा.”

त्यांनी पाठवली.

ती घरी आली तेव्हा यंत्र चालू होतं. नवऱ्याने दुपारचा राग शिलाईत घातला होता. तेरा सदरे घडी करून रचलेले, आणि चौदावा यंत्राखाली. टेबलावर चार ताटं मांडलेली होती. नणंदेने बटणं डब्यात भरून ठेवली होती. मुलगी तिच्या आधीच पोचली होती. तोंड धुऊन, केस बांधून, पुढच्या खोलीतल्या आपल्या गादीवर बसलेली. तिने घरात काही सांगितलेलं दिसत नव्हतं. बापाकडे बघून ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तो त्या हसण्याला भुलला होता.

“ये, बघ,” नवरा बाईला म्हणाला. आवाजात दुपारचं काही उरलं नव्हतं, किंवा त्याने ते गिळलं होतं. “हिचा सहा नंबर दुहेरी टाक्याने घेतलाय. सात वर्षं धुतला तरी निघायचा नाही.”

त्याने सदरा उलटा करून दाखवला. टाके खरंच बारीक होते, एकसारखे, एकाला एक लागून. बाईने सदरा हातात घेतला, सहाच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला. मग पिशवी खुंटीला लावली, खुर्ची ओढली आणि बसली.

“काय झालं?” नणंद म्हणाली.

मुलीने गादीवरून मान वर केली नाही.

“यादी गेली,” बाई म्हणाली. “चौदावी नवी आहे. हा सहा उसवा, तिचा नंबर अकरा. आणि उद्यापासून हिची गादी आतल्या खोलीत.”